परक्याच्या गुन्ह्याचें ओझें

मनुष्याची अब्रू त्याच्या स्वतःच्या वागणुकीवर अवलंबून असते, अशी आपली सर्वांची समजूत आहे. परंतु गेल्या दीडशें वर्षांत ह्या अब्रूचा बराच मोठा हिस्सा मनुष्यापासून निघून दप्तरांत जाऊन बसला आहे. कोण केव्हां पकडला गेला, कोणावर काय आरोप आला, कोणाला किती शिक्षा झाली, ह्याची टिपणें कोठेंतरी लिहिलेलीं असतात. आणि नोकरी मागावयास आलेल्या मनुष्याकडे पाहण्यापूर्वीं मालक त्या टिपणांकडे पाहतो. अमेरिकेंत ही चाल इतकी सार्वत्रिक आहे कीं, दुकानांतील विक्रेता असो किंवा बँकेंतील कारकून असो, पूर्वचारित्र्याच्या चौकशीवांचून त्याची नेमणूक सहसा पक्की होत नाहीं. टिपण खरें असेल तर ह्या चौकशीविरुद्ध फारसें बोलतां येणार नाहीं. आपल्या तिजोरीची किल्ली कोणाच्या हातीं द्यावी हें पाहण्याचा मालकाला अधिकार आहे. पण टिपण दुसऱ्याच कोणाचें असेल, नांव सारखें म्हणून, चेहरा सारखा म्हणून, किंवा कोणा कारकुनाच्या निष्काळजीपणामुळें तें ह्या मनुष्याच्या माथीं बसलें असेल, तर त्यानें काय करावें? ह्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ अमेरिकेंत नसून लंडन शहरांत आहे.

इंग्लंडांतील कैदी जोंपर्यंत जहाजांत भरून ऑस्ट्रेलियास धाडतां येत होते, तोंपर्यंत त्यांची ओळख ठेवण्याची कोणाला फारशी गरज वाटली नाहीं. १८६८ सालीं हें काळेंपाणी कायमचें बंद पडलें. सुटलेले कैदी आतां घरच्याच रस्त्यांवर फिरूं लागणार, ही धास्ती समाजाला बसली आणि १८६९ सालीं पार्लमेंटनें सराईत गुन्हेगारांचें रजिस्टर ठेवण्याचा कायदा केला. नांव, वय, उंची, अंगावरील व्रण, पुढेंपुढें छायाचित्र, असा सगळा तपशील त्यांत येऊं लागला. ह्यांत मेख अशी होती कीं, रजिस्टर नांवावार लावलेलें, आणि सराईत गुन्हेगार दर खेपेस नवें नांव सांगणारा. म्हणून जो चतुर तो निसटे. पोलिसांना अखेर तुरुंगांत जाऊन नव्या कैद्यांचे चेहरे न्याहाळावे लागत, आणि 'हा मागेंहि येऊन गेला आहे' असें एखाद्या शिपायानें शपथेवर सांगितलें कीं तोच पुरावा होई.

हिंदुस्थानांत तर इंग्रजी राज्यानें ह्याहूनहि सोपी वाट धरली. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यान्वयें मनुष्यानें कांहीं करण्याचीहि जरुरी राहिली नाहीं. विशिष्ट जमातींत जन्मास येणें हीच नोंद. १९११ मध्यें हा कायदा मुंबई इलाख्यालाहि लागू झाला, आणि सोलापूरच्या तारेच्या कुंपणांतील वसाहत ही त्याची महाराष्ट्रांतील खूण होऊन बसली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा देशभर रद्द झाला. ती कथा स्वतंत्र सांगण्याजोगी आहे. येथें एवढेंच पाहावयाचें कीं, नोंद आणि मनुष्य ह्यांचा संबंध तपासून घेण्याची निकड नोंद ठेवणाराला आपणहून क्वचितच वाटते.

ही गोष्ट ॲडॉल्फ बेक ह्या गृहस्थाच्या वांट्यास जशी आली तशी क्वचितच कोणाच्या आली असेल. बेक हा जन्मानें नॉर्वेचा. तरुणपणीं तो इंग्लंडांत आला, १८६८ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेंत गेला, पेरू देशांत कांहीं वर्षें राहिला आणि १८८५ सालीं लंडनला परत आला. व्यवहारांत तो फारसा यशस्वी नव्हता, कर्जबाजारी होता, पण पोलिसाशीं त्याचा कधीं संबंध आलेला नव्हता. १६ डिसेंबर १८९५ ह्या दिवशीं व्हिक्टोरिया स्ट्रीटवर आपल्या घराच्या दाराशीं तो उभा असतांना एका बाईनें त्याला अडविलें. तिचें म्हणणें, ह्याच मनुष्यानें तीन आठवड्यांपूर्वीं आपणास ठकवून घड्याळें व अंगठ्या नेल्या. बेक घाबरून रस्ता ओलांडून पळाला आणि ही बाई मला त्रास देत आहे अशी त्यानेंच पोलिसाकडे तक्रार केली. पोलिसानें दोघांनाहि ठाण्यावर नेलें. तेथून बाई घरीं गेली. बेक मात्र कोठडींत राहिला.

त्या सुमारास लंडनमध्यें एक भामटा एकट्यादुकट्या बायकांना गांठीत असे. आपण कोणी उमराव आहों, आपल्या घरीं कारभार पाहण्यास एक सुसंस्कृत स्त्री हवी आहे, अशी बतावणी तो करी. कपडेलत्ते घेण्यासाठीं खोटा चेक लिहून देई, आणि नवीन अंगठीचें माप हवें म्हणून बोटांतील अंगठी काढून नेई. असाच उद्योग १८७७ सालीं जॉन स्मिथ नांवाच्या इसमानें केला होता व त्याला पांच वर्षांची शिक्षा झाली होती. पोलिसांनीं जुनें दप्तर काढलें. स्मिथला पकडणाऱ्या शिपायानें बेककडे पाहून सांगितलें, हाच तो. फसलेल्या बायकांपैकीं कित्येकींनीं बेकला ओळखलें. हस्ताक्षराच्या तज्ज्ञानें साक्ष दिली कीं, १८७७ चीं पत्रें व १८९५ चीं पत्रें एकाच हातचीं आहेत, आणि तो हात बेकचा आहे.

एवढ्यावर पाहिलें तर बेकची सुटका सोपी होती. १८७७ सालीं तो पेरूमध्यें होता, आणि तसें सांगणारे साक्षीदारहि होते. दोन्ही वेळचा अपराधी एकच, असें तज्ज्ञच म्हणतो. मग बेक हा स्मिथ नव्हे एवढें सिद्ध झालें कीं तो १८९५ चाहि अपराधी ठरूं शकत नाहीं. त्याच्या वकिलानें हाच मुद्दा योजला होता. परंतु मार्च १८९६ मध्यें ओल्ड बेली कोर्टांत खटला उभा राहिला तेव्हां सरकारी पक्षानें फक्त नव्या गुन्ह्यांचे आरोप पुढें केले व जुन्या शिक्षेचा उल्लेख टाळला. न्यायासनावर सर फॉरेस्ट फुल्टन होते. त्यांनीं निर्णय दिला कीं, १८७७ ची गोष्ट ह्या खटल्यांत नाहीं, सबब तिजविषयीं प्रश्न विचारतां येणार नाहींत. विशेष असें कीं, १८७७ सालीं स्मिथवरील खटल्यांत सरकारतर्फे काम चालविणारे तरुण बॅरिस्टर हे फुल्टनच होते. बेकला सात वर्षें सक्तमजुरीची शिक्षा झाली.

आणि गंमत पाहा. ज्या जुन्या शिक्षेविषयीं कोर्टांत एक शब्दहि काढावयाचा नव्हता, ती तुरुंगाच्या दारांत पाऊल ठेवतांच खरी ठरली. स्मिथचा जुना कैदीक्रमांक डी ५२३ हा होता; तोच बेकला देण्यांत आला, आणि हा दुसऱ्यांदा शिक्षा झालेला कैदी आहे हें दाखविण्यासाठीं पुढें डब्ल्यू हें अक्षर जोडण्यांत आलें. न्यायाधीश म्हणतात स्मिथचा येथें संबंध नाहीं. तुरुंगाधिकारी म्हणतात तूं स्मिथच आहेस. ह्या दोहोंच्या मध्यें सांपडलेल्या मनुष्यानें दाद मागावी कोणाकडे? त्या काळीं इंग्लंडांत फौजदारी निकालावर तथ्यांच्या मुद्द्यावर अपील करण्याची सोयच नव्हती. एकच मार्ग होता. होम ऑफिसकडे अर्ज करावयाचा. बेकच्या वकिलानें १८९६ पासून १९०१ पर्यंत असे दहा अर्ज केले.

त्यांपैकीं १८९८ सालचा प्रकार विशेष ध्यानांत घेण्यासारखा आहे. होम ऑफिसांतील एका अधिकाऱ्यानें स्मिथचें तुरुंगांतील वर्णनपत्र काढून पाहिलें. स्मिथ ज्यू असून त्याची सुंता झालेली होती. बेकची झालेली नव्हती. म्हणजे दोघे एक नव्हते, हें निर्विवाद झालें. कागद फुल्टन ह्यांच्याकडे अभिप्रायासाठीं गेले. त्यांनीं मान्य केलें कीं, बेक हा स्मिथ असणें शक्य नाहीं. तथापि १८९५ चे गुन्हे त्यानेंच केले असें आपलें मत आहे. ज्या दोरीनें दोन गुन्हे एकत्र बांधले होते ती तुटली, तरी गांठोडें बेकच्याच डोक्यावर! सरकारनें नोंदींत दुरुस्ती केली ती एवढीच कीं, बेकच्या सदऱ्यावरील डब्ल्यू हें अक्षर काढून टाकलें. सदरा तोच राहिला आणि कोठडीहि तीच राहिली. चुकीची नोंद 'दुरुस्त' करणें ह्याचा दप्तरशाहींत कधीं कधीं काय अर्थ होतो, ह्याचा ह्याहून बोलका दाखला मिळणें कठीण.

१९०१ च्या जुलैंत बेक सुटला. १९०४ च्या एप्रिलांत तो पुन्हां पकडला गेला. तक्रार तीच, पद्धत तीच, आणि ओळखणाऱ्या बायका नव्या. जूनमध्यें ज्युरीनें कांहीं मिनिटांत त्याला दोषी ठरविलें. न्यायमूर्ति ग्रँथम ह्यांच्या मनांत मात्र कांहीं खटकलें व त्यांनीं शिक्षा पुढें ढकलली. ह्या थोड्याशा अवधीनेंच बेक वांचला. जुलैच्या ७ तारखेस, बेक तुरुंगांत असतांनाच, लंडनमध्यें एक इसम ठकवून आणलेल्या अंगठ्या गहाण ठेवतांना पकडला गेला. इन्स्पेक्टर केन ह्या पोलिस अधिकाऱ्यानें त्याला पाहिलें व मागचापुढचा सर्व संबंध त्याच्या ध्यानांत आला. तोच १८७७ चा जॉन स्मिथ! बेकला माफी मिळाली. न केलेल्या गुन्ह्याबद्दल माफी हा शब्दप्रयोग विचित्रच, पण कायद्याजवळ दुसरा शब्द नव्हता. पत्रकार जॉर्ज सिम्स ह्यांनीं 'डेली मेल' पत्रांतून हें प्रकरण लावून धरलें. भरपाई प्रथम दोन हजार पौंड देऊं केली होती, ती पांच हजारांवर गेली.

पुढें चौकशीसाठीं तिघांची समिति नेमण्यांत आली. तिचे अध्यक्ष सर रिचर्ड हेन कॉलिन्स. आणि एक सभासद सर जॉन एज हे पूर्वीं अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. १८७७ चा मुद्दा कोर्टापुढें येऊं न देणें ही चूक होती, असा तिचा निष्कर्ष पडला. १९०७ सालीं इंग्लंडांत फौजदारी अपिलाचें न्यायालय स्थापण्याचा कायदा झाला, त्यामागें बेकच्या प्रकरणाचा मोठाच हात होता. बेक स्वतः १९०९ च्या अखेरीस वारला.

चेहऱ्यावर व नांवावर विसंबण्याचा हा दोष घालविणारें साधन ह्याच सुमारास हातीं आलें होतें, आणि तें गेलें आमच्याच देशांतून. बंगालमधील जंगीपूर येथें १८५८ मध्यें विल्यम हर्शेल ह्या अधिकाऱ्यानें एका करारावर कंत्राटदाराच्या पंज्याचा ठसा घेतला. पुढें एडवर्ड हेन्री ह्यांच्या हाताखालीं अझीझुल हक व हेमचंद्र बोस ह्या दोन हिंदी कामगारांनीं बोटांच्या ठशांचें वर्गीकरण सिद्धीस नेलें, १८९७ मध्यें कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली, आणि १९०१ च्या जुलैंत, म्हणजे बेक सुटला त्याच महिन्यांत, स्कॉटलंड यार्डनें ही पद्धत स्वीकारली. पद्धतीला नांव मात्र हेन्रींचेंच पडलें. हक आणि बोस ह्यांची ओळख पुष्कळ उशिरां पटली.

ठशानें मनुष्य कोण हें निश्चित होतें, ह्यांत संशय नाहीं. परंतु तो खरोखर काय करून आला हें ठसा सांगत नाहीं. तें शेजारीं लिहिलेल्या शब्दांवरच अवलंबून राहतें. अमेरिकेंत १९२४ सालीं मध्यवर्ती तपास-खात्यानें देशभरचे ठसे एकत्र केले, तेव्हां आरंभींच आठ लाखांवर पत्रकें जमा झालीं. गांवोगांवचे पोलिस ज्याला ज्याला पकडीत त्याच्या ठशांचें पत्रक वॉशिंग्टनला धाडीत. पुढें तो मनुष्य निर्दोष सुटला हें कळविण्याची तसदी मात्र पुष्कळदां कोणी घेत नसे. आणि हीं पत्रकें पोलिसांपुरतींच राहत नसत. नोकरीसाठीं व परवान्यांसाठीं मागणाऱ्या कचेऱ्यांनाहि तीं मिळत.

१९६५ च्या ऑगस्टांत लॉस एंजेलिस येथें एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी रात्रीं बागेंतील बांकावर मित्राची वाट पाहत बसला होता. जवळपास कोणी चोरटा हिंडत असल्याची वर्दी आली होती. पोलिसांनीं ह्याला घरफोडीच्या संशयावरून धरलें, दोन दिवस ठेवलें, आणि कांहींच पुरावा नाहीं म्हणून सोडून दिलें. खटलासुद्धां भरला नाहीं. पण ठशांचें पत्रक वॉशिंग्टनला पोंचलेलें होतें, आणि त्यावर घरफोडीचा शब्द होता. पत्रक काढून टाकावें म्हणून त्यानें सरकारवर फिर्याद केली. १९७१ मध्यें न्यायाधीश गेझेल ह्यांनीं निर्णय दिला कीं, अशीं पत्रकें नोकरीच्या व परवान्याच्या कामीं संस्थानी कचेऱ्यांना पुरविण्याचा अधिकार मध्यवर्ती खात्याला कायद्यानें दिलेला नाहीं. त्याच वर्षाच्या शेवटीं काँग्रेसनें एका खर्चाच्या बिलाला कलम जोडून तो अधिकार खात्याला देऊन टाकला! तथापि विद्यार्थ्याचा झगडा वायां गेला नाहीं. १९७४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ठरविलें कीं, ही अटक नव्हती असें मूळ पोलिसांनीं कळविल्यावर तें पत्रक गुन्हेगारांच्या संग्रहांत ठेवण्याचा खात्याला हक्क नाहीं. दोन दिवसांच्या कोठडीचा डाग धुण्यास नऊ वर्षें लागलीं.

सगळ्याच फिर्यादींना असा शेवट लाभला नाहीं. लुइव्हिल शहरांतील पोलिसांनीं १९७२ मध्यें 'दुकानांतून चोऱ्या करणाऱ्यां'चीं छायाचित्रें छापून सुमारें आठशें दुकानदारांना वांटलीं. त्यांत एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराचेंहि चित्र होतें. त्याच्यावरील आरोप शाबीत झालेला नव्हता, आणि लौकरच तो काढूनहि टाकण्यांत आला; पण तोंपर्यंत पत्रक त्याच्या वरिष्ठाच्या टेबलावर पोंचून त्याला समज मिळाली होती. १९७६ सालीं सुप्रीम कोर्टाच्या बहुमतानें सांगितलें कीं, केवळ अब्रू गेली म्हणून राज्यघटनेखालीं दाद मागतां येत नाहीं. ज्याची भाकर अब्रूवर अवलंबून आहे त्याला हा भेद पटणें कठीणच.

इकडे सरकारी दप्तराला खासगी व्यापाराचा जोड मिळाला होता. ॲटलांटा येथें १८९९ सालीं निघालेली रिटेल क्रेडिट कंपनी विम्याच्या व नोकरीच्या कामीं माणसांच्या चालचलणुकीचे अहवाल विके. तिच्या हस्तकांनीं शेजाऱ्यांकडून ऐकलेल्या गप्पासुद्धां त्यांत येत. ज्याच्याविषयीं लिहिलें त्याला तो अहवाल पाहावयासहि मिळत नसे. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर ह्यांच्या खटपटीनें ऑक्टोबर १९७० मध्यें ह्या धंद्यावर पहिला मध्यवर्ती कायदा झाला. अहवाल तयार करतांना शक्य तितकी अधिकांत अधिक अचूकता राखण्याची वाजवी व्यवस्था पाहिजे, असा दंडक त्यानें घातला. शिक्षेपर्यंत न पोंचलेल्या अटकेची नोंद सात वर्षांनंतर, कांहीं अपवाद सोडून, देऊं नये असें ठरविलें. आणि चूक दाखविल्यास फेरतपास करण्याचें बंधन घातलें. १९९६ च्या दुरुस्तीनें मालकावरहि बंधन आलें. उमेदवाराची लेखी संमति घेतल्यावांचून अहवाल मागवूं नये, आणि त्यावरून त्याला नाकारावयाचें असेल तर नाकारण्याच्या आधीं अहवालाची नक्कल व त्याच्या हक्कांचें पत्रक त्याच्या हातीं द्यावें. बेकच्या सदऱ्यावरचें अक्षर आणि हा कायदा ह्यांत पाऊणशें ते शंभर वर्षांचें अंतर आहे.

कायदा आला, पण त्याचबरोबर संगणकहि आला. न्यायालयांचीं दप्तरें घाऊक विकत घेऊन यंत्रांत सांठविणाऱ्या आणि क्षणार्धांत अहवाल देणाऱ्या कंपन्या निघाल्या. न्यायालयाच्या कागदांवर बहुधा ठसे नसतात. नांव असतें, आणि असलीच तर जन्मतारीख. म्हणजे ठशांच्या शोधानंतर शंभर वर्षांनीं नोंद फिरून नांवावर आली! ज्या देशांत स्मिथ, जॉन्सन, गार्सिआ, रॉड्रिगेझ हीं नांवें लाखोंनीं आहेत, तेथें ह्याचा परिणाम काय व्हावा हें सांगावयास नको. २०१२ सालीं अशा एका मोठ्या कंपनीला सव्वीस लक्ष डॉलरांचा दंड भरावा लागला. २०१५ मध्यें दोन संलग्न कंपन्यांना दंड व भरपाई मिळून एक कोटी तीस लक्ष डॉलर द्यावे लागले. परक्याचे गुन्हे उमेदवाराच्या नांवें लागूं नयेत म्हणून पुरेशी दक्षता घेतली नाहीं, हा दोन्ही वेळचा मुख्य आरोप होता. इतक्यांत दुसरीकडून नवाच पेंच उभा राहिला. जन्मतारखेवरून न्यायालयाचें दप्तर शोधूं देणें हें न्यायालयीन नियमांच्या विरुद्ध आहे, असा निर्णय कॅलिफोर्नियांतील एका अपील-न्यायालयानें २०२१ मध्यें दिला. हेतु चांगला होता. पण एकाच नांवाच्या दोन माणसांना वेगळें करणारी जी एक साधी खूण हातीं होती तीहि त्यामुळें तेथें शोधणाऱ्याच्या हातून गेली.

आज अशी चूक निदर्शनास आलेल्या उमेदवारानें पहिली गोष्ट करावयाची ती अहवालाची नक्कल मागण्याची. कारण चूक कोणत्या ओळींत आहे हें दाखविल्याखेरीज तक्रार उभी राहत नाहीं. मग अहवाल देणाऱ्या कंपनीकडे लेखी हरकत घ्यावयाची, सोबत ओळखीचा पुरावा आणि शक्य असल्यास त्या न्यायालयाच्या कारकुनाकडून मूळ खटल्याच्या कागदांची नक्कल जोडावयाची. खऱ्या आरोपीची जन्मतारीख, उंची, पत्ता ह्या मूळ कागदांत असला तर काम पुष्कळ सोपें होतें. १८९८ सालीं स्मिथचें वर्णनपत्र उघडून पाहिल्यावर झालें तेंच येथें होतें. मालकालाहि त्याच दिवशीं लेखी कळवून निर्णय थांबविण्याची विनंती करावी लागते. कंपनीला फेरतपास पुरा करण्यास कायद्यानें तीस दिवसांची मुदत आहे. मालकानें मात्र किती दिवस थांबावें हें कायद्यांत सांगितलेलें नाहीं. पांच कामाचे दिवस थांबण्याचा प्रघात पडला आहे. त्यानंतर त्यानें ती जागा दुसऱ्याला दिली आणि विसाव्या दिवशीं अहवाल दुरुस्त होऊन आला, तर ती जागा परत देण्याची सक्ती ह्या कायद्यानें त्याच्यावर केलेली नाहीं.